कुणासाठी पाहिजे?

सांगलीच्या गणपती पेठेत आमचे काष्ठौषधींचे दुकान होते, असे मी सांगतो तेव्हा तरुण मंडळींना काष्ठौषधी म्हणजे काय ते आधी समजावून द्यावे लागते. झाडांची मुळे, साली, पाने, फुले, फळे, डिंक आणि बिया निवडून, वाळवून लाकडी खणांत भरून ठेवायच्या आणि तोळ्यावर विकायच्या, एवढाच तो धंदा. दुकानाची रुंदी दहा फुटांहून अधिक नव्हती, परंतु उजवीकडची सगळी भिंत खणांनी व्यापलेली होती आणि प्रत्येक खणावर अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, वळणदार अक्षरात नाव लिहिलेले असे. वेखंड, कापूरकाचरी आणि नागरमोथा यांचा एकत्रित वास माझ्या शाळेच्या गणवेशातून कधी गेला नाही, आणि वर्गातली मुले मला ‘काढा’ म्हणत.

अण्णा वैद्य नव्हते, आणि आपण वैद्य नाही हे ते गिऱ्हाइकाला दिवसातून दहा वेळा सांगत. मात्र तागडी हातात घेण्यापूर्वी ते प्रत्येकाला एक प्रश्न विचारत: “कुणासाठी पाहिजे?” सोनामुखी मागायला आलेल्या एका बाईंनी “सुनेसाठी, तिचं पोट साफ होत नाही” असे उत्तर दिल्यावर अण्णांनी आवाज खाली आणून सुनेला दिवस गेले आहेत का, असे विचारले होते, आणि होकार येताच सोनामुखीचा खण बंद करून काळ्या मनुकांची पुडी बांधून दिली होती. बिब्बा मागणाऱ्याला तो कपड्यावर खूण करायला हवा आहे की पोटात घ्यायला, हे सांगावे लागे. कारण बिब्ब्याचे तेल कातडीवर पडले तर फोड येतात आणि पोटात घ्यायचा तर तो आधी शुद्ध करावा लागतो. गिऱ्हाईक खोळंबलेले असताना या चौकशा चालत, त्यामुळे मला लहानपणी फार कंटाळा येई. आयुर्वेदिक औषध तयार करायला सरकारी परवाना लागतो, पण तयार औषध विकायला तो लागत नाही, हे मला पुष्कळ वर्षांनी समजले. म्हणजे अण्णांनी हा प्रश्न विचारावा अशी सक्ती कुणाचीच नव्हती.

मोजमापाचा पहिला धडा मात्र मला दुकानात नव्हे, घरात मिळाला. माझ्या धाकट्या बहिणीला आजी न्हाऊ घातल्यावर गुटी देत असे. सहाणेवर आईच्या दुधाचे चार थेंब टाकून ती डबीतला एकेक नग उगाळी, आणि प्रत्येकाचे वेढे ठरलेले असत: हिरड्याचे चार, मुरुडशेंगेचे तीन, बेहड्याचे दोन, हळकुंडाचा एक, वेखंडाचा एक आणि जायफळाचा फक्त अर्धा. जायफळाचा अर्धाच का, असे मी विचारले तेव्हा ती म्हणाली, “जास्ती झालं तर पोर झोपंल आणि लवकर उठायचं न्हाई.” मात्रा हा शब्द तिने उच्चारला नाही, तिचे सगळे शास्त्र त्या अर्ध्या वेढ्यात होते.

तरीही गुटीबद्दल आज माझे मत आजीच्या मतासारखे राहिलेले नाही. वेखंडात बीटा-असारोन नावाचा घटक असतो. उंदरांवरच्या प्रयोगांत तो कर्करोगाला कारण ठरल्यामुळे अमेरिकेने १९६८ साली वेखंड खाद्यपदार्थांत वापरण्यास बंदी घातली. जागतिक आरोग्य संघटना पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाशिवाय काहीही देऊ नका असे सांगते, आणि गुटीत मध घालण्याची जी पद्धत आहे ती एक वर्षाच्या आतल्या मुलाला धोक्याची ठरू शकते, कारण मधात कधीकधी असणारे बोट्युलिझम या विषबाधेचे जंतू त्या वयाच्या आतड्यात रुजतात. सहाण रोज उकळत्या पाण्याने धुतली जात होती का, हे तर मी स्वतः पाहिलेले आहे, जात नव्हती. माझ्या नातवाच्या वेळी आम्ही गुटी दिली नाही, आणि त्याबद्दल विहीणबाईंचा रुसवा अजून पुरता उतरलेला नाही. परंतु आजी ज्या दक्षतेने वेढे मोजत होती ती दक्षता, आज चमचा न मोजता चूर्ण तोंडात टाकणाऱ्या आमच्यासारख्या शिकलेल्या माणसांत मला दिसत नाही, आणि हे म्हणताना मी स्वतःला वगळत नाही.

कारण अण्णांच्या पश्चात, काष्ठौषधींच्या त्याच घरात, जे घडले ते माझ्या डोळ्यांसमोर घडले. चार वर्षांपूर्वी पावसाळ्यात आईला कोरडा खोकला झाला आणि तो महिनाभर हटेना. दुकान बंद करताना काही बरण्या घरी आणल्या होत्या. त्यांतल्या ज्येष्ठमधाच्या कांड्या ती दिवसभर गालात धरून चघळू लागली. घशाला आराम पडला, आणि पुढे खोकला गेला तरी कांडी गेली नाही, कारण तिला त्या गोडीची सवय लागली. तिला रक्तदाबासाठी एक गोळी चालू होती, जिला आमच्याकडे ‘पाणी काढणारी गोळी’ म्हणतात. शिवाय रात्री पोट साफ होण्यासाठी ती एक चूर्ण घेत असे, ज्याच्या डब्यावर बारीक अक्षरात सोनामुखीचे नाव होते. महिना-दीड महिन्याने तिच्या पायांतले त्राण गेल्यासारखे झाले, पायऱ्या चढताना गुडघे वाकू लागले, आणि गोळी नियमित चालू असताना रक्तदाब मात्र वरच चढत राहिला. एका पहाटे छातीत धडधड होते म्हणून मी तिला मिरजेला नेले.

तिथल्या तरुण डॉक्टरांनी विचारले, “आजी, या गोळीशिवाय आणखी कुठलं औषध घेता?” आई ठामपणे “नाही” म्हणाली. मी शेजारीच उभा होतो आणि मीही काही बोललो नाही. खोटे बोलायचे म्हणून नव्हे, तर ज्येष्ठमध हे औषध आहे असे त्या क्षणी माझ्या मनातच आले नाही म्हणून. ज्याच्या बापाने आयुष्यभर ज्येष्ठमध औषध म्हणून विकले, त्याच्या मनात ते आले नाही. रक्ताच्या तपासणीत पोटॅशियम २.६ निघाले, ते साधारणपणे ३.५ च्या खाली जाऊ नये. डॉक्टरांनी पुन्हा येऊन, या वेळी जरा वेगळ्या तऱ्हेने विचारले: “घरचं काही? काढा, चूर्ण, चघळायचं काही?” तेव्हा आईने कनवटीची डबी काढून दाखवली.

त्यांनी मला नंतर जे समजावून सांगितले ते मी माझ्या शब्दांत लिहितो. आपल्या शरीरात कॉर्टिसॉल नावाचे एक संप्रेरक असते, आणि त्याने मूत्रपिंडावर नको तो अंमल गाजवू नये म्हणून तिथे एक विकर, म्हणजे एन्झाइम, पहारा देत असते. ज्येष्ठमधाला गोडी देणारा ग्लिसिरायझिन हा घटक या विकराचे काम थांबवतो. मग कॉर्टिसॉलच्या प्रभावाने मूत्रपिंड मीठ धरून ठेवते आणि पोटॅशियम बाहेर टाकते; मिठामुळे रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम उतरल्यामुळे स्नायू दुबळे होतात, हृदयाचा ठोका चुकतो. पाणी काढणारी गोळी मुळातच पोटॅशियम घालवते, आणि सोनामुखी रोज घेतल्याने आतड्यावाटेही ते जाते. आईच्या बाबतीत हे तिन्ही एकाच वेळी चालू होते. युरोपातील तज्ज्ञ समितीने ग्लिसिरायझिनची मर्यादा रोज सुमारे १०० मिलिग्रॅम ठेवावी असे सुचवले आहे, आणि काही ग्रॅम मूळ रोज चघळले तरी ती ओलांडली जाऊ शकते. कांडी बंद केल्यावरही परिणाम पुरता ओसरायला दोन आठवडे लागू शकतात, हे त्यांनी बजावून सांगितले. आई सहा दिवसांनी घरी आली. ज्येष्ठमध वाईट, असा निष्कर्ष मी यातून काढला नाही. घसा बसलेल्या तरुण गायकाने चार दिवस कांडी चघळली तर त्याचे काही बिघडण्याचे कारण नाही. त्याच कांडीने आईचे बिघडले, कारण ती कुणाच्या तोंडात जात आहे हे विचारायला त्या वेळी घरात अण्णा नव्हते.

‘झाडपाल्याचा अपाय नसतो’ हे वाक्य मी जितक्या आत्मविश्वासाने बोललेले ऐकले आहे तितक्या आत्मविश्वासाने आयुर्वेदाच्या प्राचीन आचार्यांनी ते कधी म्हटलेले नाही. चरकसंहितेच्या पहिल्याच अध्यायात असे सांगितले आहे की तीक्ष्ण विषही नीट योजले तर उत्तम औषध होते आणि औषधही चुकीच्या रीतीने योजले तर तीक्ष्ण विष होते. वचनागासारखे विषारी कंद शोधन, म्हणजे शुद्धी, केल्याशिवाय वापरू नयेत, देश, काल, वय आणि बल पाहून मात्रा ठरवावी, अनुपान, म्हणजे औषधासोबत काय घ्यायचे, ते पाहावे, हे सगळे त्याच परंपरेतले आहे. अपाय नसतो ही समजूत आपली, अलीकडची आहे, आणि तिच्यात वनस्पतीचा गौरव दिसत असला तरी प्रत्यक्षात तो अपमान आहे. ज्या वस्तूत अपाय करण्याचे बळ नाही तिच्यात उपाय करण्याचे बळ तरी कुठून येणार?

ते बळ किती असू शकते, याची दोन उदाहरणे मला नेहमी आठवतात. सर्पगंधेचे मूळ आपल्याकडे वेडावर आणि निद्रानाशावर पूर्वापार दिले जात होते. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी ते उच्च रक्तदाबाच्या रुग्णांना पद्धतशीरपणे देऊन पाहिले आणि १९४९ साली ब्रिटनच्या हृदयरोगविषयक नियतकालिकात त्याचे निष्कर्ष छापले, तेव्हा पाश्चात्त्य जग जागे झाले. १९५२ साली त्यातून रिसर्पिन वेगळे काढण्यात आले आणि रक्तदाबावरच्या सुरुवातीच्या परिणामकारक औषधांत त्याची गणना झाली. परंतु याच रिसर्पिनने काही रुग्ण खोल नैराश्यात जातात असेही दिसले आणि पुढे त्याचा वापर मागे पडला. दुसरे उदाहरण सातारा-कोल्हापूरच्या घाटातल्या नरक्या या झाडाचे. त्याच्या लाकडात कॅम्प्टोथेसिन असते, ज्यापासून कर्करोगावरची औषधे बनतात. त्या पैशाच्या लोभाने सह्याद्रीत नरक्याची चोरटी तोड झालेली आहे. मात्र नरक्या उगाळून कर्करोग बरा होत नाही. औषध म्हणून त्याचे रूपांतरित घटक शिरेतून, मिलिग्रॅमच्या हिशोबाने आणि रक्तपेशींची मोजणी करत द्यावे लागतात.

साध्या वस्तूंचे गुणही मी नाकारत नाही. इसबगोल बद्धकोष्ठावर काम करतो आणि रक्तातील कोलेस्टेरॉलही थोडे उतरवतो, याला चांगला पुरावा आहे. मात्र भरपूर पाणी प्यायले पाहिजे आणि इतर गोळ्यांपासून दोनेक तासांचे अंतर ठेवले पाहिजे, नाहीतर तो गोळ्याही आपल्या बुळबुळीत गुंडाळून पुढे नेतो. सोनामुखी तर जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. मळमळीवर आले चांगले. अण्णांच्या दुकानातले निम्मे खण तरी मी आजही समर्थनार्थ उघडून दाखवीन.

सांगलीत राहून हळदीविषयी न लिहिणे हे शिष्टाचाराला धरून होणार नाही. इथल्या मार्केट यार्डात हंगामात सौदे निघतात तेव्हा रस्त्यावरची धूळसुद्धा पिवळी असते. राजापुरी हळदीचे नाव देशभर आहे, आणि २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळाले. कृष्णाकाठच्या हरिपुरात जमिनीत खोल खणलेली पेवे आहेत, ज्यांत हळद वर्षानुवर्षे कीड न लागता टिकत आली. पेव उघडले की माणूस लगेच आत उतरत नाही. आतली हवा कोंडलेली, प्राणवायू संपलेली असते म्हणून ते आधी मोकळे ठेवतात आणि कंदील खाली सोडून तो विझतो का ते पाहतात. पेवातल्या हळदीला हात लावण्यापूर्वी कंदील सोडणारे हे लोक डबीतल्या हळदीबद्दल मात्र निःशंक असतात.

हळदीचा अभिमान मलाही आहे. जखम भरून आणण्यासाठी हळद वापरण्याच्या कल्पनेवर १९९५ साली मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला अमेरिकेत पेटंट मिळाले, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने जुने ग्रंथ आणि शोधनिबंध पुढे ठेवून ते आव्हानित केले, आणि १९९७ साली ते रद्द झाले. त्या दिवशी पेठेत पेढे वाटलेले मला आठवतात. पुढे घडले ते असे की तीच हळद कॅप्सूल होऊन परत आली. आमच्या ओळखीचे एक निवृत्त शिक्षक गुडघेदुखीसाठी ९५ टक्के करक्युमिनच्या दोन कॅप्सूल रोज घेत आणि “शेवटी हळदच ती” असे म्हणत. मी त्यांच्यापुढे कागदावर हिशोब मांडला. हळदीत करक्युमिन साधारण तीन टक्के. म्हणजे तीन ग्रॅमच्या एका चमच्यात जेमतेम ९० मिलिग्रॅम. पाचशे मिलिग्रॅमच्या दोन कॅप्सूल म्हणजे रोज दहाएक चमचे हळद, आणि तीही मिरीतल्या पाइपरिनसह. हे पाइपरिन कशासाठी? बंगळुरूच्या संशोधकांनी १९९८ साली दाखवले की पाइपरिन सोबत दिल्यास करक्युमिन रक्तात सुमारे वीस पटींनी अधिक उतरते. परंतु जे पाइपरिन करक्युमिनला दार उघडून देते ते फिट्सच्या फेनिटॉइनला आणि रक्तदाबाच्या प्रोप्रॅनोलॉललाही दार उघडते, आणि त्यांची मात्रा आपोआप वाढते. अमेरिकेत औषधांमुळे होणाऱ्या यकृताच्या इजांची नोंद ठेवणाऱ्या संशोधकांनी २०२२ साली हळदीच्या अशा उत्पादनांमुळे यकृत बिघडलेले दहा रुग्ण नोंदवले. त्यांतला एक दगावला, आणि सात जणांत एक विशिष्ट जनुकीय खूण आढळली. कॅप्सूल घेणारे लाखो असतील आणि बिघडलेले दहाच, हे खरे आहे. गुडघ्याच्या दुखण्यात करक्युमिनने थोडा आराम पडतो असे काही लहान चाचण्यांत दिसले आहे, हेही खरे आहे. माझे म्हणणे इतकेच होते की गुरुजींनी तिला स्वयंपाकघरातली हळद म्हणू नये. त्यांनी कागद घडी घालून खिशात ठेवला आणि रक्त पातळ करणारी गोळी आपल्याला चालू आहे, हे मला त्यानंतर पहिल्यांदा सांगितले.

हळदीची आणखी एक भीती तिच्या रंगात असते. बांगलादेशात गरोदर स्त्रियांच्या रक्तात शिसे कुठून येते याचा माग काढताना संशोधकांना २०१९ साली उत्तर सापडले ते असे की हळकुंडाला झळाळी यावी म्हणून त्यावर लेड क्रोमेट हा पिवळा रंग चोळला जात होता. म्हणून हळद फार पिवळी दिसली की मला आनंद होत नाही. अण्णा हळकुंड मोडून आतला रंग पाहत.

करोनाच्या वर्षात सगळ्या सांगलीने गुळवेल प्यायली असावी असे मला वाटते. आमच्या गल्लीतल्या कडुनिंबावरचा वेल तर पंधरा दिवसांत मुळापर्यंत ओरबाडला गेला. त्या वर्षी सप्टेंबर ते डिसेंबर या काळात मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेले सहा रुग्ण नोंदवले, आणि पुढे देशातल्या अनेक केंद्रांतून असे आणखी रुग्ण पुढे आले. त्यांतल्या काहींना, शरीराचीच प्रतिकारशक्ती यकृतावर उलटते असा आजार आधीपासून दडून होता, आणि प्रतिकारशक्ती चेतवणाऱ्या वेलीने तो उसळला असावा असा डॉक्टरांचा तर्क होता. आयुष मंत्रालयाने यावर असे म्हटले की रुग्णांनी घेतलेली वनस्पती खरी गुळवेल होती की तिच्यासारखी दिसणारी तिची बहीण, हे नीट तपासलेले नाही. या वादात मी निवाडा देणार नाही. परंतु दुकानदाराचा मुलगा म्हणून मला मंत्रालयाचा बचाव हाच अधिक काळजीचा वाटला, कारण आपण पीत आहोत तो वेल कोणता हे पिणाऱ्याला ठाऊक नसते, ही त्यातली कबुली आहे.

नावांचा हा घोळ जुना आहे. ब्राह्मी म्हणून एकीकडे ओढ्याकाठची बारीक पानांची वनस्पती मिळते आणि दुसरीकडे बेडकाच्या पायासारख्या गोल पानांची मंडूकपर्णी. अशोकाच्या सालीच्या नावाखाली बंगल्याच्या कुंपणाशी उंच वाढणाऱ्या खोट्या अशोकाची साल येते. बाजारातली दालचिनी बहुतेक वेळा जाड सालीची कॅशिया असते, जिच्यात यकृताला न मानवणारे कुमारिन खऱ्या दालचिनीपेक्षा कितीतरी अधिक असते. ब्रुसेल्समध्ये १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला वजन उतरवण्याच्या एका उपचारात चिनी नावांच्या साधर्म्यामुळे एका वनस्पतीऐवजी दुसरी, ॲरिस्टोलोकिया कुळातली, वापरली गेली आणि शंभराहून अधिक स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाली. पुढे अनेकींना मूत्रमार्गाचा कर्करोगही झाला. आपल्याकडे सापाच्या विषावर सांगितली जाणारी सापसण त्याच कुळातली आहे. अण्णांच्या भिंतीत तिचाही एक खण होता, आणि तिचा हा दोष अण्णांना ठाऊक नव्हता. त्यांची चौकशी प्रामाणिक होती, पण जे विष वर्षानुवर्षांनी फळते ते कुठल्याही दुकानदाराला त्याच्या गादीवरून दिसत नाही. त्यासाठी हजारो माणसांच्या नोंदी ठेवाव्या लागतात.

काविळीचे औषध हा आमच्या भागातला स्वतंत्र अध्याय आहे. वाळवा तालुक्यातल्या एका गावी ठरावीक वारी कावीळ उतरवण्याचे औषध मिळते आणि पहाटेपासून रांग लागते. माझा मावसभाऊ तिथे बरा झाला, आणि तो खरोखरच बरा झाला. दूषित पाण्यातून येणारी ए आणि ई प्रकारची कावीळ बहुतेक धडधाकट माणसांत काही आठवड्यांत आपोआपच ओसरते. त्या आठवड्यांत जे काही घेतले जाईल त्याला श्रेय मिळते. माझ्या मामांची कावीळ तशी नव्हती. अंगाला खाज होती, शौच पांढरट होत होते, दुखत मात्र काहीच नव्हते. पित्ताच्या नळीत गाठ होती. त्याच रांगेत त्यांचे पाच आठवडे गेले. त्या औषधाने त्यांना काही इजा केली असे मी म्हणू शकत नाही, दिवस तेवढे गेले, आणि मिरजेला पोचल्यावर शस्त्रक्रिया करण्याजोगे काही उरले नव्हते. गरोदर स्त्रीला शेवटच्या तिमाहीत ई प्रकारची कावीळ झाली तर शंभरात वीस-पंचवीस जणी दगावू शकतात. रांगेत मला गरोदर मुलीही दिसल्या होत्या.

आठवडी बाजारात संधिवातावर मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांविषयी फार लिहीत नाही, कारण त्यांना वनौषधी म्हणणे हाच वनौषधींवर अन्याय आहे. एका रात्रीत सांधे मोकळे करणाऱ्या अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले असल्याचे पुन्हापुन्हा आढळले आहे. त्याने साखर चढते, चेहरा सुजतो, आणि ते अचानक थांबवले तर जिवावर बेतू शकते. धातूंचा प्रश्न मात्र नावाजलेल्या वेष्टनांतही असू शकतो. बोस्टनच्या आसपासच्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी २००४ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा १४ उत्पादनांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले. औषध कायद्याच्या नियमांत विषारी द्रव्यांची एक यादी आहे, ज्यात वचनाग, कुचला, धोतरा, बिब्बा आणि पाराही येतो. त्यांपासून बनलेल्या औषधावर ते वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे अशी सूचना छापणे बंधनकारक आहे. ती सूचना वाचायला मला भिंग लागते.

मिरजेहून परतल्यावर मी एक वही केली. आई जे जे घेते ते सगळे तीत लिहायचे, आणि दर तीन महिन्यांनी तपासणीला जाताना वही डॉक्टरांपुढे ठेवायची. डाव्या पानावर गोळ्या आल्या. उजव्या पानाला काय शीर्षक द्यावे हे सुचेना, तेव्हा आईच म्हणाली, “औषध नाही ते, असं लिही.” मी तसेच लिहिले. त्या पानावर इसबगोल, रात्रीचे चूर्ण, गुडघ्याला लावायचे तेल, सकाळी चावायच्या लसणाच्या दोन पाकळ्या आणि चहातले आले असे सगळे आले. मागच्या महिन्यात डॉक्टरांनी ते पान दोनदा वाचले, चूर्णावर काट मारली, लसणापुढे, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची तारीख ठरली की आठवण करा, असे लिहिले, आणि ज्येष्ठमधाचे काय झाले म्हणून विचारले. “टाकून दिला,” आई म्हणाली.

रिक्षात बसल्यावर, विश्रामबाग ओलांडल्यावर, तिने मला हळूच सांगितले की एवढा चांगला माल टाकवला नाही, सगळी बरणी तिने शेजारच्या काकूंना दिली, त्यांनाही खोकला होता. मी आईला घरात पोचवले आणि चपला न काढता तसाच शेजारी गेलो. काकू दारातच गहू निवडत बसल्या होत्या आणि त्यांच्या गालात कांडी होती. रक्तदाबाची गोळी चालू आहे का, असे मी विचारले.

“हाय की,” काकू म्हणाल्या, “पण ती औषधाची. हे काय औषध हाय व्हय?”